वायफाय नक्की कुठे तुटतं, हे शोधताना

‘लॅपटॉपचं वायफाय सारखं जातंय’ ही तक्रार फार ढोबळ असते. माझ्या लॅपटॉपवर त्या एका तक्रारीखाली तीन वेगळी दुखणी नांदत होती. कधी खालच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह जाऊन तिथे पृथ्वीचा गोल यायचा, म्हणजे जोडणीच तुटलेली. कधी चिन्ह जागच्या जागी, पण एकही पान उघडायचं नाही. आणि कधी लॅपटॉप झोपेतून उठवला की वायफायचं बटणच गायब, जणू या यंत्रात वायफाय कधी नव्हतंच. तिसऱ्या वेळी रीस्टार्टशिवाय गत्यंतर नसे. पहिल्या दोन वेळा नेट आपोआप परत यायचं, कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने. ऑनलाइन मीटिंगमध्ये माझं वाक्य हटकून अर्ध्यावर तुटायचं आणि मी परत येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा.

दादाला फोन केला तर त्याने दुसऱ्याच वाक्यात निकाल लावला.

‘अगं, राउटर जुना झालाय. नवा घे, प्रश्न मिटेल.’

‘पण दादा, फोन याच टेबलावर मस्त चालतोय.’

‘मग लॅपटॉप नवा घे.’

फोन चालतो म्हणजे राउटर ठीक आहे, हा तर्क सगळेच करतात. तो अर्धाच खरा आहे. हल्लीचे राउटर रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ, आणि बहुतेक वेळा दोन्हींचं नाव एकच ठेवलेलं असतं. फोन पाचच्या पट्ट्यावर आणि लॅपटॉप २.४ च्या पट्ट्यावर असेल, तर एका नावाखाली दोघं वेगळ्याच रस्त्याने चाललेले असतात. म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन पट्ट्यांना दोन नावं दिली. या एका कामाने पुढचा पुष्कळ गोंधळ टळला, कारण कुठलं यंत्र कशावर आहे हे नावावरूनच कळू लागलं.

मग एक वही घेतली. नेट गेलं की वेळ लिहायची, शेजारी काय चालू होतं ते, चार्जर लावलेला होता का, बाहेरची हार्ड डिस्क जोडलेली होती का, मी कुठे बसले होते. हे कंटाळवाणं काम आहे, पण वेळांचा नमुना बरंच सांगून जातो. बरोबर तासातासाने नेट जात असेल तर संशय राउटरवर जातो. जोडलेल्या सगळ्या यंत्रांसाठीची, संदेश गुप्त ठेवणारी सामाईक किल्ली राउटर ठरावीक काळाने बदलत असतो, बऱ्याच राउटरमध्ये ही मुदत ३६०० सेकंदांची असते, आणि एखाद्या यंत्राला ती नवी किल्ली घेणं जमत नाही. स्वयंपाकाच्या वेळीच जात असेल तर मायक्रोवेव्हकडे बघावं, तो २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच तापवतो. माझ्या वहीत वेळेचा असा कुठलाच नमुना उमटला नाही. फक्त झोपेतून उठल्यावरचं दुखणं वेगळं दिसत होतं. ते दुसऱ्या कुठल्या वेळी होतच नव्हतं. म्हणून ते एका पानावर आणि बाकीची दुसऱ्या पानावर अशी विभागणी केली.

यापुढची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते, आणि लोक नेमकी तीच गाळतात. काळ्या खिडक्या, म्हणजे आज्ञा टंकायचे कमांड प्रॉम्प्ट, दोन उघडायच्या. एकीत राउटरला सतत पिंग करायचं, म्हणजे ‘आहेस का?’ असा छोटा निरोप धाडून उत्तराला किती वेळ लागतो ते बघायचं. माझ्याकडे राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ होता. दुसरीत बाहेरच्या एखाद्या भरवशाच्या पत्त्याला, मी गूगलचा ८.८.८.८ घेतला. पिंगपुढे वजा-टी लावलं की आपण थांबवेपर्यंत ते चालू राहतं. दोन खिडक्या शेजारीशेजारी ठेवायच्या आणि आपलं काम करत राहायचं. नेट गेलं की बघायचं, कोण थांबलं. राउटरची खिडकी नीट चालू आणि बाहेरची बंद, तर लॅपटॉपला हात लावायचं कारण नाही. गडबड राउटरच्या पलीकडे आहे आणि फोन इंटरनेट देणाऱ्या कंपनीला करायचा. दोन्ही चालू आणि तरी पान उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसमध्ये अडकलंय. दोन्ही एकदम बंद, तर लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेत किंवा त्या दोघांपैकी एकात.

माझ्या दोन्ही एकदम बंद पडल्या. पण बंद कशा पडल्या, ते बघण्यासारखं होतं. राउटरचं उत्तर एरवी २ मिलिसेकंदांत यायचं. दोन, तीन, दोन, दोन, मग अचानक ४१, ११८, परत ९, मग ३६०, ९४०, आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’च्या ओळींवर ओळी. पाच-सहा ओळींनंतर कधी परत दोन-तीन, तर कधी गोल चिन्ह येऊन सगळंच संपलेलं. म्हणजे दिवा फटकन विझत नव्हता, आधी मिणमिणत होता. वायफायमध्ये एखादं पाकीट (माहितीचा तुकडा) पोचलं नाही की ते पुन्हा पाठवलं जातं, तरीही नाही पोचलं तर वेग कमी करून पुन्हा. या पुन्हापुन्हाच्या पाठवण्याने उत्तराला उशीर होत जातो. जे वायफाय पॉवर सेव्हिंगमुळे किंवा ड्रायव्हर (वायफायचं कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळल्याने जातं, ते सहसा अशी पूर्वसूचना देत नाही. दोन मिलिसेकंद, दोन मिलिसेकंद आणि थेट शून्य, असा त्याचा खाक्या असतो.

एवढ्या एका निरीक्षणाने इंटरनेटवर मिळणारे अर्धे उपाय निकालात निघाले. डीएनएस बदला, डीएनएसचा कॅश पुसा, ब्राउझर बदला, प्रॉक्सी बघा: यातलं काहीही करायची गरज उरली नाही. ‘नेटवर्क रीसेट’ हे बटण तर मी जाणूनबुजून शेवटासाठी राखून ठेवलं. ते दाबलं की साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड जातात, व्हीपीएनची मांडणी पुन्हा करावी लागते, आणि दुखणं गेलंच तरी कशामुळे गेलं ते कळत नाही.

विंडोजमध्ये वायफायचा एक अहवाल आयता मिळतो, आणि त्याची कुणाला फारशी खबर नसते. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून काळी खिडकी उघडायची आणि ‘नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट’ ही आज्ञा द्यायची (नेटशमधला श हा एस-एच, हे टंकताना लक्षात ठेवायचं). गेल्या तीन दिवसांत वायफाय कधी जोडलं, कधी तुटलं, कुठल्या कारणाने तुटलं याचा आलेख ब्राउझरमध्ये उघडता येतो. तुटल्याच्या जागी लाल खूण असते, तिच्यावर टिचकी मारली की खालची नोंद दिसते. माझ्या अहवालात दोन प्रकारच्या नोंदी होत्या. काही खुणा लॅपटॉप झोपी जाण्या-उठण्याला चिकटून होत्या. बाकीच्या भर कामात, आणि त्यांच्यापुढे कारण: ड्रायव्हरने नेटवर्क तोडलं. हे कारण वाचून लोक ड्रायव्हरच्या मागे लागतात. पण राउटरचा आवाजच ऐकू येईनासा झाला तर जोडणी सोडून देणं हे ड्रायव्हरचं कामच आहे. निरोप आणणाऱ्यालाच दोषी ठरवण्यात अर्थ नव्हता.

झोपेचं दुखणं आधी घेतलं, कारण ते सोपं होतं. डिव्हाइस मॅनेजर, त्यात नेटवर्क अडॅप्टर, त्यात वायफायच्या कार्डाचं नाव, पॉवर मॅनेजमेंटचा टॅब, आणि तिथे ‘वीज वाचवण्यासाठी संगणकाने हे उपकरण बंद करावं’ अशा अर्थाची चौकट. तिच्यातली टिक काढली. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, कारण त्यांची झोपायची पद्धत निराळी असते. मला दिसला. टिक काढल्यानंतर वायफायचं बटण गायब होणं थांबलं.

एक गोष्ट इथेच सांगते. लॅपटॉप ‘शट डाउन’ करून परत चालू केला म्हणजे सगळं नव्याने सुरू झालं, असं आपण धरून चालतो. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. तिच्यात शट डाउन करताना विंडोजचा गाभा ड्रायव्हरांसकट डिस्कवर जसाच्या तसा साठवला जातो आणि चालू करताना तोच परत उचलला जातो. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर अडकलेलाच उठू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. तेव्हा ‘बंद करून चालू केलं, फरक पडला नाही’ असं कुणी म्हणालं की मी आता विचारते, बंद केलंत की रीस्टार्ट?

उरलं भर कामातलं तुटणं. ड्रायव्हरचा भाग थोडक्यात आटोपते. डिव्हाइस मॅनेजरमधलं ‘आपोआप शोधा’ हे बहुधा ‘तुमच्याकडे सर्वोत्तम ड्रायव्हर आहे’ एवढंच सांगतं. लॅपटॉप बनवणाऱ्याच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवावा, आणि जुना काढण्याआधी उतरवून ठेवावा. नंतर नेटच नसेल तर उतरवणार कुठून! तशी वेळ आलीच तर फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करता येतं, म्हणजे फोनचं नेट लॅपटॉपला देता येतं. मी नवा ड्रायव्हर टाकून पाहिला, त्याच्या आधीचाही पाहिला. पिंगची मिणमिण दोन्हींवर तशीच.

मग हवेकडे वळले. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बहुतेक देशांत तेरा चॅनल वापरायला मिळतात, पण शेजारशेजारच्या चॅनलांत अंतर फक्त ५ मेगाहर्ट्झचं आणि एका वायफायला साधारण २० मेगाहर्ट्झ रुंदी लागते. त्यामुळे एकमेकांच्या अंगावर न जाणारे असे १, ६ आणि ११ हे तीनच हाती उरतात. आसपासचे राउटर कुठल्या चॅनलवर आहेत हे फोनवरच्या एखाद्या वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये दिसतं. माझ्या भोवती ६ वर सगळ्यांची दाटी होती, म्हणून राउटर ११ वर नेला. काहीसा फरक पडला. नेट जायचं थांबलं नाही, पण पिंगचे मधलेच निष्कारण उसळणारे आकडे कमी झाले.

बाहेरच्या हार्ड डिस्कचा माग जास्त रंजक निघाला. वहीत एक गोष्ट वारंवार आलेली होती: बॅकअप चालू असताना नेट जास्त जातं. यूएसबी ३.० आणि २.४ गिगाहर्ट्झचं वैर जुनं आहे. इंटेलने २०१२ मध्ये त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. यूएसबी ३.० ची तार सेकंदाला ५ गिगाबिटच्या वेगाने चालते आणि तिच्यातून जो विद्युत गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. डिस्क किंवा तिची तार वायफायच्या अँटेनाजवळ असेल तर अँटेनाला राउटरचा आवाज त्या गोंगाटातून ऐकावा लागतो. माझी डिस्क हिंजजवळच्या (स्क्रीनच्या बिजागरीजवळच्या) पोर्टमध्ये असायची. ती लांब केबलने दूर ठेवली, तर बॅकअपच्या वेळचं तुटणं कमी झालं. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला तर डिस्कचा संबंधच संपला. पण तुटणं? पाचवरही चालूच! उलट तिथे अधिक, कारण पाचच्या लहरी भिंतींना जास्त बिचकतात.

पाचच्या पट्ट्यातही एक गोम आहे. ५२ ते १४४ या दरम्यानचे चॅनल बऱ्याच देशांत रडारसोबत वाटून घ्यावे लागतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याने तो चॅनल सोडायचा, आणि अशा नव्या चॅनलवर बोलण्याआधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसायचं, असा नियम आहे. विमानतळ किंवा हवामान खात्याचं रडार जवळ असेल तर नेट असं मधूनच गायब होतं आणि घरातल्या सगळ्यांचं एकदम जातं. माझं एकटीचं जात होतं, त्यामुळे मला त्यात फारसा दम वाटत नव्हता. तरी चॅनल ३६ लावून पाहिला, तो या भानगडीतून मोकळा आहे. राउटरमधली सुरक्षा डब्ल्यूपीए-२ आणि ३ अशी मिश्र होती, ती नुसती २ केली. बदल शून्य.

इथवर राउटरच्या बाजूने शक्य ते सगळं झालं होतं, तरी राउटर निर्दोष आहे असं छातीठोक सांगता येत नव्हतं. त्यासाठी फोनचा हॉटस्पॉट कामी आला. फोनमध्ये मोबाइल डेटा चालू करून हॉटस्पॉट सुरू केला आणि फोन नेऊन राउटरच्या शेजारी ठेवला. हे अंतर महत्त्वाचं. हॉटस्पॉट बहुतेक लोक फोन लॅपटॉपला चिकटवून तपासतात, आणि मग सगळं ठीकच चालतं. फोन राउटरच्या जागी ठेवल्यावर पिंगचे आकडे तसेच चढले, तसेच ‘टाइम्ड आउट’ आले. राउटर सुटला. मग तोच फोन उचलून लॅपटॉपशेजारी टेबलावर ठेवला, तर एकही पाकीट हरवेना. जवळून नीट, दुरून नाही. माझ्या लॅपटॉपला ऐकू कमी येत होतं.

आता खुणेच्या काड्या बघून भागणार नव्हतं, आकडे हवे होते. ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ ही आज्ञा सिग्नल टक्क्यांत दाखवते. विंडोज शंभर टक्के म्हणतं तेव्हा तो उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) असतो आणि शून्य टक्के म्हणजे उणे १००. मधलं सगळं सरळ प्रमाणात. म्हणजे टक्क्यांच्या निम्म्यातून शंभर वजा केले की डीबीएम मिळतो. हा आकडा उणेमध्येच असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० उत्तम, ७० च्या पुढे कुरकुर सुरू होते, ८० ला जोडणी तग धरत नाही. आणि ही मोजपट्टी सरळ नाही, दर १० डेसिबलला ताकद दहापट कमी होते. त्याच टेबलावर माझा फोन उणे ५५ च्या आसपास दाखवत होता. लॅपटॉपचे टक्के कधी ८०, कधी ३८. अडतीस टक्के म्हणजे उणे ८१. फोन आणि लॅपटॉपमध्ये वीतभर अंतर, आणि कानात एवढा फरक.

विंडोजला पुरतं बाजूला काढायला पेन ड्राइव्हवरून लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवली. डिस्कला हात न लावता उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) ‘लाइव्ह’ चालवता येतं, बघायचं ते बघून पेन ड्राइव्ह काढला की विंडोज होतं तसंच. फक्त बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की आधी जवळ ठेवावी. बूटची सेटिंग बदलली की विंडोज ती मागू शकतं. लिनक्समध्ये टर्मिनलवर सिग्नलचा आकडा थेट डीबीएममध्ये मिळतो आणि तो दर सेकंदाला ताजा होत राहील असं करता येतं. ड्रायव्हर वेगळा, ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी, आणि दुखणं तेच. राहिलं लॅपटॉपच्या पोटातलं.

तो आकडा बघत बसलेली असताना खिडकीतून ऊन स्क्रीनवर आलं. नीट दिसावं म्हणून मी स्क्रीन थोडी मागे ढकलली. उणे ५२ होतं, ते ५३, ६१, ७४ करत ८२ वर गेलं. स्क्रीन पुढे घेतली. ७०, ५८, ५४. पुन्हा मागे, पुन्हा ८१. मग मुद्दाम सावकाश केलं, बोटभर मागे, थांबायचं, आकडा बघायचं, आणखी बोटभर. काटकोनापर्यंत सगळं सुरळीत. त्याच्या जरा पुढे गेलं की आकडा घसरायला लागायचा, आणि एका ठरावीक कोनाला धाडकन पडायचा. बावन्न आणि ब्याऐंशी यांच्यामध्ये तीस डेसिबल, म्हणजे सिग्नल हजार पटीने कमी.

वहीतल्या नोंदी आता वेगळ्याच दिसू लागल्या. सोफ्यावर मांडीवर घेऊन बसले की जास्त जायचं. मांडीवर स्क्रीन मागे झुकवावीच लागते. मीटिंगमध्ये जास्त जायचं. कॅमेऱ्यात चेहरा नीट यावा म्हणून स्क्रीन हलवायची सवय. जागेचा, वेळेचा काही संबंध नव्हता. ब्लूटूथचा हेडफोनही अधूनमधून फाटका आवाज द्यायचा, तो मी हेडफोनचा दोष धरून सोडून दिला होता. ब्लूटूथ आणि वायफाय एकाच कार्डावर असतात आणि अँटेनाही वाटून घेतात.

लॅपटॉपच्या वायफायचं कार्ड असतं खाली, मदरबोर्डवर. अँटेना मात्र बहुतेक वेळा वर, स्क्रीनच्या चौकटीत असतात, कारण तिथे त्यांना मोकळं मिळतं. कार्डापासून अँटेनापर्यंत दोन बारीक तारा जातात, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी, आणि त्या जातात हिंजमधून. स्क्रीन उघडली-मिटली की त्या तारा हिंजसोबत पिळवटतात. त्यासाठी त्यांना थोडी ढिलाई ठेवलेली असते.

वॉरंटी संपलेली होती, म्हणून मी स्वतः उघडायचं ठरवलं. वॉरंटीत असता तर कोनाचा व्हिडिओ काढून लॅपटॉप त्यांच्या हाती सोपवला असता. चार्जर काढून लॅपटॉप बंद केला. मागचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, त्यामुळे कागदावर लॅपटॉपचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या बाजूला फोड येते. झाकण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने सोडवायचं, स्क्रूड्रायव्हरने उचकटायचं नाही. उघडल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं. ते झाल्याशिवाय आत बोट घालायचं नाही.

कार्ड लगेच सापडलं. २२ बाय ३० मिलिमीटर, टपाल तिकिटाएवढं. त्याच्या कडेला दोन सोनेरी गोल टिकल्या, दोन मिलिमीटरच्या आसपास व्यासाच्या, आणि त्यांच्यावर तारांची टोपणं बसायची. पांढऱ्या तारेचं टोपण तिथे नव्हतंच, ते शेजारी मोकळं पडलेलं होतं. काळ्याचं होतं, पण एका बाजूने उचललेलं. स्क्रीन जरा हलवली तर काळी तार ताणली जाऊन टोपण आणखी वर उचललं जाताना डोळ्यांना दिसत होतं. तारा जायला हवी होती ती खाच हिंजच्या शेजारी रिकामी होती. तारा तिच्यातून न जाता धातूच्या पट्टीवरून आडव्या नेलेल्या होत्या, आणि त्यामुळे ढिलाई संपलेली. मधे एकदा बॅटरी बदलून घेतली होती. ती बसवताना तारा बाजूला केल्या गेल्या आणि परत खाचेत गेल्या नाहीत, याहून दुसरा अर्थ मला लावता येईना. त्या आधी हा लॅपटॉप कधी उघडलेलाच नव्हता.

तारा आधी खाचेत बसवल्या, टोपणं नंतर. उलट केलं असतं तर बसवलेली टोपणं पुन्हा ओढली गेली असती. कार्डावर टिकल्यांजवळ काळा आणि पांढरा असे बारीक त्रिकोण छापलेले असतात, त्यावरून कुठली तार कुठे ते कळतं. टोपण टिकलीवर बरोब्बर मधोमध ठेवायचं आणि बोटाने सरळ खाली दाबायचं. तिरकं दाबलं तर त्याची कड वाकते आणि मग ते कधीच नीट धरत नाही. बसलं की ‘टिक्’ असं बोटाला जाणवतं. कानाला येईलच असं नाही. हे कनेक्टर सारखे काढ-घाल करायला बनवलेले नाहीत, साधारण तीसेक वेळा एवढंच त्यांचं आयुष्य धरलेलं असतं, त्यामुळे ‘बघू बरं नीट बसलंय का’ म्हणून पुन्हा उचकटायचा मोह टाळला. काळ्याची कड सुदैवाने वाकलेली नव्हती.

सगळं बंद करून पुन्हा त्याच जागी बसले. तेच टेबल, तोच चॅनल, त्याच दोन खिडक्या. सिग्नल ९४ टक्के. स्क्रीन पूर्ण मागे, ९४. अर्धी मिटून, ९२. जोडणीचा वेग आधी कधी ८६ मेगाबिट, कधी त्याहून खाली घसरलेला असायचा. आता तो ८६६ दाखवत होता. हा आकडा पाचच्या पट्ट्यावर ८० मेगाहर्ट्झ रुंदीला दोन्ही अँटेना काम करत असल्याची खूण आहे. एकच असेल तर या कार्डाची धाव ४३३ पर्यंत. ब्लूटूथही सुधारलं. पिंग रात्रभर चालू ठेवलं, सकाळी हरवलेल्या पाकिटांचं प्रमाण शून्य टक्के.

दादाला कळवलं तर म्हणाला, ‘म्हणजे राउटर नव्हता तर.’ आणि लगेच स्वतःच्या प्रिंटरचं गाऱ्हाणं सुरू केलं.

यादरम्यान मी बरंच काही बदलून ठेवलं होतं, ते एकेक करून परत मूळपदी आणलं. प्रत्येक बदल उलटवायचा, एक दिवस वापरायचं, मग पुढचा. सुरक्षा परत मिश्र केली, काही झालं नाही. चॅनल ३६ वरून परत आपोआप निवडीवर सोडला, काही नाही. डिस्क परत हिंजजवळच्या पोर्टमध्ये लावली, तर पाचच्या पट्ट्यावर काही नाही, पण २.४ वर बॅकअप चालू असताना पिंगचे आकडे अजूनही थोडे चढतात, तेव्हा ती लांब केबलवरच राहिली. २.४ चा चॅनल ११ तसाच ठेवला, ६ वरची दाटी काही कमी झालेली नाही. दोन पट्ट्यांची दोन नावंही ठेवली आहेत. शेवटी पॉवर मॅनेजमेंटमधली टिक परत लावली, आणि दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर वायफायचं बटण गायब. ते दुखणं सुरुवातीपासून वेगळंच होतं, तारांशी त्याचा संबंध नव्हता. टिक पुन्हा काढली. ती तेवढी तशीच राहणार आहे, निदान त्या कार्डासाठी नवा ड्रायव्हर येईपर्यंत.